घरमालकांचं मत

ज्याला सिनेमा खरोखर बघता येतो असा या पृथ्वीतलावर एकच माणूस आहे आणि तो बंगळुरूत, जे. पी. नगरच्या एका आडव्या रस्त्यावर, पिवळ्या दुमजली घराच्या तळमजल्यावर राहतो. बाकी आपण सगळे नुसते तिकीट काढून अंधारात बसणारे लोक. हे मी उगाच म्हणत नाही. मी सहा वर्षं त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. म्हणजे नात्याने ते माझे घरमालक. पण घरमालक म्हटल्यावर जो माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो, भिंतीत खिळा ठोकला का हे बघायला येणारा, पाहुणे किती दिवस राहणार ते विचारणारा, त्याच्याशी यांचा काडीचाही संबंध नव्हता. मी घर बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी मला नोकरी कुठे, लग्न झालंय का, मांसमच्छी खाता का, यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. लुंगी सावरत जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "शेवटचा सिनेमा कुठला बघितला ओ तुम्ही?" मी नाव सांगितलं. "कसा होता?" मी म्हणालो, "ठीक होता. टाइमपास." डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आत बायकोला हाक मारून म्हणाले, "किल्ली आण गं. पोरगं बरं आहे. स्वल्प शिकवायला लागेल."

ते स्वल्प शिकायला मला सहा वर्षं लागली, आणि तरीही मी पास झालो असं म्हणवत नाही.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या पत्नीला अक्का, म्हणून मीही तेच म्हणू लागलो. ते मला 'पुणेकर' म्हणत. स्वतः मूळचे निपाणीकडचे. घरात मराठी, दारात कन्नड आणि राग आला की दोन्हीची मिसळ. विसाव्या वर्षी नोकरीसाठी बंगळुरूत आले ते इथलेच झाले. नोकरी वीजखात्यात, मीटर रीडरची. चौतीस वर्षं हा माणूस खांद्याला पिशवी लावून या शहरातल्या घराघरांत शिरत होता. त्या काळी पुष्कळ घरांत मीटर आतच असायचे, जिन्याखाली, बोळात, कधी थेट स्वयंपाकघराच्या दारावर. अण्णा म्हणायचे, "मीटरवाला पाहुणा नव्हे आणि परकाही नव्हे बघा. पाहुणा आला की लोक भांडण थांबवतात. परका आला की दार लावतात. मीटरवाला आला की भांडण चालूच राहतं." अशी हजारो घरांतली चालू भांडणं, चालू जेवणं, चालू रुसवे त्यांनी मीटरचे आकडे लिहिता लिहिता पाहिले होते. माणसं घरात एकटी असताना कशी बसतात, दार उघडायला येताना चेहरा कुठल्या टप्प्यावर नीट करतात, हे त्या माणसाला जितकं ठाऊक होतं तितकं मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनाही ठाऊक नसेल. आणि हे सगळं ज्ञान निवृत्तीनंतर त्यांनी फक्त एका कामाला लावलं होतं. सिनेमा बघायला.

त्यांच्या मतात चांगला-वाईट असे शब्द नसत. तारे देणं, दहापैकी गुण देणं हे तर त्यांना पोरकटपणाचं वाटे. त्यांच्याकडे दोनच प्रकार होते. सिनेमात वस्ती आहे किंवा वस्ती नाही. शंभर कोटींचा सिनेमा बघून येत आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराने कन्नडमध्ये "कसा होता, अण्णा?" म्हणून विचारलं की नारळाच्या ढिगाकडे बघत म्हणत, "घर मोठं बांधलंय. राहत कुणी नाही." संपलं. दुकानदार तो सिनेमा बघत नसे. उलट एखादा कुणाच्या खिजगणतीत नसलेला मल्याळम सिनेमा, थिएटरात आम्ही धरून नऊ माणसं, आणि बाहेर आल्यावर अण्णा न बोलता रस्त्याच्या कडेने चालत राहत. दोन चौक गेल्यावर म्हणत, "ती बाई पाहुण्याला चहा देताना कप फिरवून देते. फुटका कान स्वतःकडे. बघितलं काय?" मी बघितलेलं नसे. मी मोबाइलवर आलेला मेसेज वाचत असे. "त्या बाईच्या घरी मी गेलोय," अण्णा म्हणत. "म्हणजे त्याच बाईच्या नव्हे. पण गेलोय."

सिनेमा घरी टीव्हीवर बघायचा असला तरी त्यात ढिलाई चालत नसे. दर शनिवारी दुपारी जेवण झालं की ते लुंगी सोडून पँट चढवत, इस्त्रीचा शर्ट खोचत, केसांना पाणी लावून भांग पाडत आणि पायात बूट घालून स्वतःच्याच दिवाणखान्यात येऊन बसत. पहिल्यांदा मी हाफ पँट आणि बनियनमध्ये खाली उतरलो तर म्हणाले, "वर जा. पँट घालून या." मी म्हणालो, "अण्णा, घरातच तर आहोत." ते म्हणाले, "आपण घरात आहोत ओ. ते लोक कामाला आलेत." ते लोक म्हणजे पडद्यावरचे. मी मुकाट्याने वर गेलो आणि पँट घालून आलो. सिनेमा मध्येच थांबवायचा नाही, मागे न्यायचा नाही, पुढे पळवायचा तर नाहीच. मध्यंतर मात्र असे. बरोबर मध्यावर अण्णा उठून अंगणात जात, तिथे आम्ही दोघे उभ्याने खारे शेंगदाणे खात असू, आणि त्या दहा मिनिटांत सिनेमाबद्दल अवाक्षर काढायचं नाही असा दंडक होता. अक्का या सोहळ्यात कधी बसल्या नाहीत. आतून भांडी आवरताना म्हणत, "लग्न झाल्यावर एकदा गेले की मी यांच्याबरोबर. यांनी दर पाच मिनिटांनी मला विचारलं, बघितलंस? बघितलंस? मी म्हटलं, तुम्हीच बघा आणि घरी येऊन सांगा."

थिएटरात तर त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे एक शिक्षणच होतं. सिनेमा संपला, दिवे लागले, लोक पॉपकॉर्नचे डबे खुर्चीखाली सरकवून पळाले की अण्णा उभे राहत. पण दाराकडे तोंड करून नव्हे, पडद्याकडे. शेवटी जी बारीक अक्षरांतली नावं सरकत वर जातात, ती ते सगळी वाचत. त्यात प्रकाशयोजनेच्या माणसांची नावं आली की टाळ्या वाजवत. रिकाम्या थिएटरात एका माणसाच्या टाळ्या किती मोठ्या वाजतात याची तुम्हाला कल्पना नाही. झाडू घेऊन आलेल्या बायका पहिल्यांदा दचकल्या. पुढे पुढे त्या अण्णांना ओळखू लागल्या आणि नावं संपेपर्यंत झाडू भिंतीला टेकवून थांबू लागल्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

एकदा आम्ही एक रहस्यपट बघायला गेलो होतो. गावाबाहेरचा एक बंगला, त्याचा मालक परदेशात गेलाय असं सगळे सांगतात, आणि इकडे गावात एकेक माणूस नाहीसा होतोय. मध्यंतराच्या बऱ्याच आधी नायक त्या बंद बंगल्याच्या फाटकाशी येतो, कुलूप हलवून बघतो आणि निघून जातो. त्याबरोबर अण्णा भर थिएटरात उभे राहिले आणि पडद्याकडे बोट करून ओरडले, "अरे, आत माणूस आहे!" लोक हसले. मागून कुणीतरी कन्नडमध्ये बसा म्हणून ओरडलं. अण्णा बसले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मीटरचा लाल दिवा बघितला काय? भराभर लुकलुकत होता. बंद घराचा असा लुकलुकत नसतो ओ. आत फ्रिज चालू आहे, पंखा चालू आहे आणि गिझरपण असेल." पुढचा दीड तास मी सिनेमा बघितलाच नाही. मी अण्णांकडे बघत होतो. शेवटी मालक त्या बंगल्यातूनच निघाला. दिग्दर्शकालासुद्धा ठाऊक नसेल की आपण गुन्हेगार फाटकापाशीच सांगून टाकलाय. बाहेर पडताना मागच्या रांगेतला तो ओरडणारा माणूस अण्णांजवळ आला आणि त्याने त्यांना नमस्कार केला. अण्णा म्हणाले, "सरी, सरी, ठीक आहे ओ," आणि घाईघाईने चपला शोधल्यासारखं करू लागले. पायात तर बूट होते.

माझ्या ऑफिसातली चार मंडळी एका शनिवारी घरी आली होती, तेव्हाची गोष्टही सांगायला हवी. आम्ही सगळे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारे लोक, त्यामुळे दोष काढण्यात आपला हात कुणी धरणार नाही अशी आमची समजूत. एका गाजलेल्या हिंदी सिनेमावरून जिन्यातच जुंपली होती. गरीब कुटुंब, एका खोलीचं घर, आई, बाप आणि मुलगी. कुणी अभिनयाबद्दल बोलत होतं, कुणी छायाचित्रणाबद्दल, कुणी परदेशात मिळालेल्या बक्षिसाबद्दल. खाली अण्णा तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "त्या घरात उशा किती होत्या?" आम्ही मनात मोजू लागलो. "दोन," अण्णा म्हणाले. "माणसं तीन. आई कशावर डोकं ठेवत होती?" मला वाटलं, ही चूक काढतायत. पण ते म्हणाले, "शेवटी आई निघून जाते तेव्हा सगळे विचारतात ना, अचानक का गेली म्हणून? अचानक कुठे? पहिल्या दिवसापासून तिला उशी नव्हती की." आणि पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले. माझ्या बरोबरीची एक मुलगी, जिने तो सिनेमा तीनदा बघितला होता, ती पायरीवर बसली. नंतर तिने आईला फोन केला.

अशा माणसाबद्दल आदर वाटणं वेगळं आणि त्याची कमाल वाटणं वेगळं. मला खरी कमाल वाटली ती माझे बाबा इकडे आले तेव्हा.

आई गेली त्याला चार महिने झाले होते. पुण्यात बाबा एकटेच राहत होते, आणि शेजारच्या काकूंनी फोन करून सांगितलं की दूधवाल्याने पिशवी ठेवली की ती दुपारपर्यंत तशीच दाराला लटकलेली असते. मी जाऊन त्यांना घेऊन आलो. बाबा भूगोलाचे शिक्षक. पस्तीस वर्षं त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. आता तो समोरच्या खुर्चीपर्यंतही पोचेना. 'हो', 'नको', 'झालं', एवढ्या तीन शब्दांवर त्यांचा दिवस भागे. मी सकाळी आठला मारतहळ्ळीच्या ऑफिसला जायला निघे तेव्हा ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले असत आणि संध्याकाळी गर्दीतून धक्के खात परत येई तेव्हाही त्याच खुर्चीत. वर्तमानपत्राची घडी मोडलेली नसे. मी सगळे उपाय करून बघितले. डॉक्टर झाले, बागेतलं हास्यमंडळ झालं, तिथे तर बाबा सगळे हसत असताना बाकाखालच्या मुंग्या बघत बसले. माझा राग या गोष्टीचा होता की अण्णा, जे एरवी वर येऊन सिनेमाच्या गोष्टी करत, ते तीन आठवडे वर फिरकलेही नाहीत. जिन्यात भेटले की बाबांना हात जोडत आणि बाजूला होत. इतकंच.

मग एका गुरुवारी सकाळी मी निघताना त्यांनी फाटकाशी अडवलं. "मोठे पुणेकर उद्या सिनेमाला येतील काय?"

मी जरा तुटकपणेच म्हणालो, "अण्णा, ते बोलत नाहीत हो."

"सिनेमात बोलायचं नसतंच की," अण्णा म्हणाले.

बाबा नको म्हणतील असं मला वाटलं होतं. पण नको म्हणायलाही उत्साह लागतो. अण्णा सकाळी दहाला पँट-शर्ट-बुटात दारात येऊन उभे राहिले आणि बाबा मुकाट्याने त्यांच्या मागे जिना उतरले. सिनेमा कन्नड होता. बाबांना कन्नडचं अक्षर येत नव्हतं. मी त्या दिवशी घरूनच काम करत होतो आणि माझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. दुपारी दोनला रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मी ऑफिसच्या कॉलवर होतो. आणि जिन्यातून, पाच महिन्यांनी, मला बाबांचा वर्गातला आवाज ऐकू आला.

"पश्चिम किनारा आहे ना तो? मंगळूरच्या बाजूचा? आहे ना?"

"होय की," अण्णांचा आवाज.

"मग तिथे समुद्रातून सूर्य उगवेल कसा?"

"उगवला की. आपण दोघांनी बघितला."

"अहो, तो मावळतीचा उलटा फिरवलाय! कोळी सकाळी जाळं घेऊन निघालेत आणि समोर समुद्रातून सूर्य वर येतोय! चौथीतलं पोर सांगेल हे!"

"रंग किती छान होता पण."

"रंगाचं काय घेऊन बसलात!"

"मला तर सिनेमा फस्ट क्लास वाटला बघा," अण्णा म्हणाले. "या वर्षातला एक नंबर."

बाबा धाडधाड वर आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "कागद आहे का रे?" त्यांनी मला विचारलं. मी कॉलवरच्या लोकांना तसंच सोडून प्रिंटरमधला कागद दिला. बाबांनी उभ्याउभ्याच अख्खा पश्चिम किनारा काढला, गुजरातपासून केरळपर्यंत, घाट दाखवले, बाणाने पूर्व दाखवली आणि कागद घेऊन खाली गेले. अर्ध्या तासाने मी डोकावलो तर ते तळमजल्यावर अक्कांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून ज्वारीची तिसरी भाकरी खात होते आणि डाव्या हाताने अण्णांना पृथ्वी कुठल्या दिशेने फिरते ते दाखवत होते. अण्णा मान हलवत म्हणत होते, "असेल ओ. पण सिनेमा चांगला होता."

त्या दिवसापासून शुक्रवार ठरून गेला. बाबा गुरुवारी संध्याकाळीच शर्टाला इस्त्री करून ठेवू लागले. तमिळ, तेलुगू, कन्नड, जे लागलं असेल ते. भाषा कळत नसल्याने बाबांचं सगळं लक्ष सावल्या, झाडं, नद्या आणि ढगांकडे असे. "नारळ दाखवलेत आणि म्हणे विजापूर!" असं म्हणत ते रिक्षातून उतरत. कधी खूशही असत. "पाऊस बरोबर नैर्ऋत्येकडून येतो. दिग्दर्शक अभ्यासू आहे." अण्णा म्हणत, "पाऊस बरोबर आला ओ, पण त्या घरातल्या एका माणसाने वाळत घातलेले कपडे काढले नाहीत. कसला पाऊस?" यावर बाबा विचारात पडत. दोघांची मतं कधी जुळली असं मला आठवत नाही. बाबांनी शेजारपाजारपुरतं कन्नड उचललं. दुकानात जाऊन ते 'स्वल्प' कोथिंबीर मागू लागले आणि रिक्षावाल्यांना 'सरी' म्हणू लागले. वर्तमानपत्र आता सकाळी सातलाच उघडलेलं असे, सिनेमाच्या पानावर.

एक गोष्ट मात्र मला डाचत होती. तो समुद्रातून सूर्य उगवणारा सिनेमा पुढे घरी बघायला मिळाला तेव्हा मी एका रविवारी तो पाहिला. इतका रद्दी सिनेमा मी आयुष्यात पाहिला नव्हता. कोळ्याच्या झोपडीला कालच दिलेला रंग, रिकाम्या कपातून चहा पिणारी माणसं, बारा जणांच्या घरात दाराशी चपलांचा एकच जोड. सहा वर्षांत अण्णांनी जे जे शिकवलं होतं त्यातलं एकही त्यात धड नव्हतं. आणि हा त्यांना वर्षातला एक नंबर वाटला? मी खाली गेलो. अण्णा आणि बाबा बागेत फिरायला गेले होते. अक्का ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. मी त्यांना म्हणालो, "अक्का, त्या पहिल्या सिनेमाला अण्णा चांगलं कसं म्हणाले हो?"

अक्कांनी फाटकाकडे नजर टाकली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "अय्यो, तो सिनेमा? मध्यंतरालाच उठून येणार होते हे. पण सूर्य उगवला म्हणे, आणि तुझे बाबा खुर्चीत पुढे सरकले. खुर्चीच्या हातावर मूठ आपटली त्यांनी. इतके दिवस काही हललं नव्हतं ते माणूस रागानं हललं. तेव्हा यांनी ठरवलं, काय वाट्टेल ते होऊ दे, या सिनेमाला चांगलंच म्हणायचं. वाईट म्हटलं असतं तर तुझे बाबा 'हो' म्हणाले असते आणि वर जाऊन बसले असते."

मी मेथीची एक काडी उचलून निवडू लागलो.

"पण यांना फार लागलं रे ते," अक्का म्हणाल्या. "तुझे बाबा वर गेल्यावर मला म्हणाले, मी आज सिनेमाबद्दल खोटं बोललो. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या स्वयंपाकाबद्दल किती खोटं बोललेत, कधी काही वाटलं नाही. पण सिनेमाबद्दल खोटं! दोन दिवस नीट जेवले नाहीत. सोमवारी मला न सांगता परत गेले, एकटेच, तोच सिनेमा बघायला."

"परत? कशाला?"

"त्यात काहीतरी चांगलं सापडतंय काय ते बघायला. म्हणजे खोटं जरा कमी होईल ना."

"सापडलं?"

"सापडलं म्हणाले. एक म्हातारी आहे म्हणे त्यात, मागे कुठेतरी. खिडकी लावते. लावायच्या आधी एकदा बाहेर बघून घेते. ते खरं होतं म्हणाले. त्या दिवशी पोटभर जेवले." अक्कांनी मेथीची जुडी झटकली. "तुझ्या बाबांना सांगू नकोस हं."

मी सांगितलं नाही. एखाद्या माणसाकडे आयुष्यभर जपलेली एकच गोष्ट असावी, आणि दुसऱ्याला बोलतं करण्यासाठी त्याने तीच खर्चून टाकावी, आणि वर पुन्हा ती खरी करण्यासाठी भर उन्हात तो भिकार सिनेमा दुसऱ्यांदा बघायला जावं! माझ्यासारख्याला हे सुचणं शक्य नव्हतं. मी डॉक्टरांची यादी केली होती.

पावसाळा संपताना बाबा एक दिवस जेवताना म्हणाले, "आता जाऊन येतो घरी. किती दिवस दार बंद ठेवायचं?" 'जाऊन येतो' म्हणजे 'जातो', हे आम्हा दोघांनाही कळलं. निघायच्या दिवशी सकाळी टॅक्सी दारात उभी होती आणि हे दोघे सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ फाटकाशी एकमेकांची नजर चुकवत उभे होते. अण्णा म्हणाले, "तिकडे कुणाशी भांडणार ओ मोठे पुणेकर?" बाबा म्हणाले, "फोन आहे की." तो 'की' ऐकून अक्का हसल्या आणि पदराने डोळे पुसत आत गेल्या.

पुढे मीही हेब्बाळला फ्लॅट घेतला आणि जे. पी. नगर सोडलं. आता शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. ठरवतो त्यातल्या निम्म्या वेळा जाणं होत नाही. अण्णांना अलीकडे गुडघ्यांमुळे थिएटरच्या पायऱ्या जमत नाहीत, सिनेमा बहुतेक घरीच होतो, इस्त्रीच्या शर्टात. वर आता दुसरं एक जोडपं राहतं. ते सिनेमे बघत नाहीत, मालिका बघतात. अण्णा त्यांच्याबद्दल वाईट बोलत नाहीत, फक्त उसासा टाकतात.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी तिकडे गेलो होतो. कॉफीचे पेले समोर होते, अक्का आत मिक्सरवर काहीतरी वाटत होत्या, आणि अण्णांचा फोन वाजला. त्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून ते फोन स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवतात. बाबांचा आवाज आला. पुण्यात ते पहिल्यांदाच एकटे सिनेमाला जाऊन आले होते, घराजवळच्या थिएटरात. मला त्यांनी हे सांगितलं नव्हतं. अण्णांनी विचारलं, "कसा होता ओ?" मी वाट बघत होतो की आता वारा, वाळू, दिशा असं काहीतरी निघेल.

"आमच्या हिला आवडला असता," ते म्हणाले.

आई गेल्यापासून तिच्याबद्दल एवढंसुद्धा ते माझ्याजवळ बोलले नव्हते. अण्णांनी हात वर करून आतल्या दाराकडे खूण केली. मिक्सर बंद झाला. अण्णा फोनवर वाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "काय आवडलं असतं त्यांना? सांगा की."

आणि बाबा सांगू लागले. आई सिनेमात कुठे रडायची आणि नंतर रडले नाही म्हणायची, गाणं लागलं की पायाच्या अंगठ्याने ताल धरायची, लग्नानंतर पहिल्या सिनेमाला जाताना दोघांची कशी चुकामूक झाली आणि ती थिएटरच्या दाराशी तासभर तिकिटं हातात धरून कशी उभी होती. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. कॉफी निवत गेली. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. अण्णा मध्ये मध्ये फक्त 'हं' म्हणत होते. मी तिथे बसलोय हे त्यांनी बाबांना सांगितलं नाही, आणि मीही खोकलो नाही.